माझ्या गळ्यातली ‘नादुरुस्त’ची चिठ्ठी

मित्रांनो, सगळ्यात आधी एक गोष्ट ठणकावून सांगते. मी जुनी आहे, पण बिघडलेली नाही. माझ्या कडीला सुतळीने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली आहे आणि तिच्यावर लाल शाईत ‘नादुरुस्त’ असं लिहिलेलं आहे. ते धादांत खोटं आहे. ज्यांनी ते लिहिलं त्यांनाही आता ते ठाऊक आहे. तरीही चिठ्ठी अजून लटकतेच आहे, आणि ती का लटकते आहे हे तुम्हाला कळावं म्हणून मी आज तोंड उघडलं आहे.

मी वाहनांचा वेग मोजणारी पेटी. दिसायला म्हणाल तर करड्या रंगाची, पत्र्याची, दोन कोपरे चेपलेली. माझ्या पोटातून दोन काळ्या रबरी नळ्या निघतात. त्या रस्त्यावर आडव्या अंथरतात, एकमेकींपासून बरोबर एक मीटर अंतरावर. चाक पहिल्या नळीवरून गेलं की आतल्या हवेची फुंकर माझ्यापर्यंत येते. दुसऱ्या नळीवरून गेलं की दुसरी फुंकर येते. या दोन फुंकरांच्या मधे किती वेळ गेला त्यावरून मी गाडीचा वेग काढते आणि लिहून ठेवते. बस्स, एवढंच माझं काम. मी कुणाला अडवत नाही, दंड करत नाही, गाडीचा नंबरसुद्धा मला कळत नाही. त्यामुळे मला कुणी घाबरत नाही, आणि घाबरत नाही म्हणूनच माझ्यासमोर सगळे जसे आहेत तसे वागतात.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. शेवटच्या खुर्चीवर जे तपासनीस बसायचे त्यांनी माझ्या नळ्या तोंडाला लावून एकामागून एक दोनदा फुंकलं, माझा आकडा पाहिला आणि समाधानाने मान हलवली. मग पुटपुटले, “ऐकशील तेवढंच सांग गं बये. मनचं काही घालू नकोस.” त्यांनी माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक पट्टी चिकटवली. तिच्यावर छापलं होतं: ‘दोन नळ्यांमधलं अंतर एक मीटर. आधी मोजा, मग अंथरा.’ ती पट्टीही अजून माझ्या अंगावर आहे. म्हणजे माझ्याकडे दोन लेखी गोष्टी आहेत, एक आत आणि एक बाहेर. खरी कोणती ते तुम्हीच ठरवा.

वाहतूक पोलिसांच्या कचेरीत मी आले ती एका निधीतून. शहरातल्या एका रस्त्यावर गाड्या फार वेगाने जातात, तो वेग कमी करायचा, असा तो निधी. रस्ता म्हणजे एक लांब उतार. वरच्या टोकाला एक मोठं डेरेदार झाड, खालच्या टोकाला वळण, आणि वळणावर दवाखान्यासमोर रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे. निधी देणाऱ्यांची अट साधी होती. आधी वेग मोजा, मग मोहीम राबवा, मग पुन्हा मोजा आणि काय फरक पडला ते सांगा. पहिल्या वर्षी कसं काम होतं ते बघून दुसऱ्या वर्षाचं ठरणार होतं.

माझ्याबरोबर त्याच निधीतून एक बंदूक आली. घाबरू नका, गोळ्यांची नव्हे. समोरून येणाऱ्या गाडीवर रोखली की तिचा वेग दाखवणारी. चकचकीत, मुठीला रबर लावलेली, आतून मखमल लावलेल्या खोक्यात विराजमान झालेली. आल्या दिवशी तिचे अकरा फोटो निघाले. माझा एकही नाही. मला कुणीतरी कपाटाखाली सरकवलं आणि माझ्यावर हेल्मेट ठेवलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. वाटलं. चांगलंच वाटलं.

मोहिमेची योजना साहेबांच्या खोलीत ठरली. साहेब म्हणजे या शाखेचे प्रमुख. माणूस मोठ्या मनाचा, हाताखालच्यांच्या घरी आजारपण असलं की आधी जाऊन उभा राहणारा. पण कौतुकाचा भुकेला. त्यांनी कागदावर पहिलीच ओळ लिहिली, ‘तीन महिन्यांत दोन हजार वाहनं थांबवणार,’ आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आवाज आला, “साहेब, गाड्या थांबवणं हे आपलं काम झालं. पण वेग कमी झाला का, ते त्यावरून कसं कळणार?”

त्या हवालदार बाई. सगळी शाखा त्यांना मागून फूटपट्टी म्हणायची, आणि कधीकधी तोंडावरसुद्धा. त्यांच्या खिशात कायम मोजायची टेप असायची. एकदा चार जण एक कपाट उचलून दारातून बाहेर काढत होते. बाई म्हणाल्या, थांबा, मोजू द्या. चौघं हसले आणि कपाट दारात असं अडकलं की अर्धा दिवस आतले आत आणि बाहेरचे बाहेर. तेव्हापासून हसणं थोडं कमी झालं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

“बाई, दोन हजार गाड्या थांबवल्यावर वेग कमी होणार नाही तर काय वाढणार आहे?” साहेब म्हणाले.

“होईलही कमी. पण मोजूनच सांगू ना. आणि मोजायचं ते आपण उभे असू तिथे नाही. खाली, वळणावरच्या पट्ट्यांपाशी. लोक रस्ता तिथे ओलांडतात.”

साहेबांना कुणाला नाही म्हणणं जड जायचं. ते म्हणाले, “बरं बाई, तुमची ती पेटी घ्या आणि मोजा एकदाचं.”

‘तुमची ती पेटी’! इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला कुणीतरी कुणाची तरी म्हटलं होतं. मी हेल्मेटखालून बाहेर आले ती ताठ मानेने.

मित्रांनो, बाईंनी मला पहिल्यांदा रस्त्यावर अंथरलं तो दिवस मी विसरणार नाही. गुडघे टेकून, टेप ताणून, खडूने खुणा करून त्यांनी दोन्ही कडांना एक मीटर मोजलं. मग मधेही मोजलं. मग उठल्या, हात झटकले आणि पुन्हा मोजलं. नळ्या खिळ्यांनी पक्क्या केल्या आणि मला खांबाला साखळीने बांधलं. हे सगळं चालू असताना पलीकडच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून बघत होते.

“झालं का गं मोजून? का अजून एकदा?” त्यांनी विचारलं.

“झालं, बाबा.”

ते बाईंचे वडील. पस्तीस वर्षं टपाल वाटलेले पोस्टमन. राहायला वळणाच्या अलीकडे, दवाखाना पलीकडे. आदल्या वर्षी याच पट्ट्यांवर एका गाडीने त्यांना उडवलं होतं. माकडहाड वाचलं, मांडीचं हाड मोडलं. त्या मांडीचा व्यायाम करून घ्यायला त्यांना आठवड्यातून तीनदा हाच रस्ता ओलांडावा लागायचा. मुलगी म्हणायची, रिक्षा करून वळसा घालून जा. ते म्हणायचे, पस्तीस वर्षं या गावातले सगळे रस्ते मी पायी ओलांडले, आता एका रस्त्याला भिऊन वळसा घालू? पण भीती होतीच. पट्ट्यांपाशी आले की ते दोन्ही बाजूंना बघत, पुन्हा बघत, आणि मग त्या मोडक्या मांडीने चक्क पळत सुटत. मी खांबाला बांधलेली असताना ते दर खेपेला पाहिलं.

आठवडाभर मी मोजलं. त्या रस्त्यावर वेगाची मर्यादा पन्नासची. सरासरी निघाली अडुसष्ट. बाईंनी आकडा वहीत लिहिला आणि त्याखाली काहीच रेघ मारली नाही.

मग मोहीम सुरू झाली. खरं सांगायचं तर पोलिसांनी मेहनत कमी केली नाही. उन्हातान्हात उभे राहिले, शिव्या खाल्ल्या, कुणाच्या काकांची ओळख ऐकून घेतली, कुणाच्या मेहुण्यांशी फोनवर बोलून घेतलं. पण उभे कुठे राहिले? वरच्या टोकाच्या झाडाखाली. सावली तिथे, बसायला कट्टा तिथे. आणि कधी? रोज दहा ते बारा. आठच दिवसांत गाडीवाल्यांना ते पाठ झालं. झाडाजवळ आले की सगळे नव्या जावयासारखे सावकाश, शहाण्यासारखे. झाड मागे पडलं की गेलेला वेळ भरून काढायला उतारावर सुसाट. त्या सुसाट गाड्यांच्या वाटेत पुढे काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

तीन महिने संपले. दोन हजारांच्या जागी अडीच हजार गाड्या थांबवून झाल्या. आता मला पुन्हा अंथरायची वेळ आली, आणि नेमकं त्याच आठवड्यात हवालदार बाईंना एका खटल्यात साक्षीला परगावी जावं लागलं. त्या जाताना सांगून गेल्या, “लंबू, एक मीटर हं. माझी दुसरी टेप खणात आहे.”

लंबू म्हणजे शाखेतला सगळ्यांत उंच शिपाई. स्वभावाने सोन्यासारखा, कामाला कधी नाही न म्हणणारा. पण खणाला कुलूप होतं आणि किल्ली बाईंच्या पर्समधे परगावी गेली होती. लंबूने जरा डोकं खाजवलं आणि बरोबरच्या शिपायाला म्हणाला, “टेप कशाला पाहिजे? माझी एक ढांग म्हणजे बरोब्बर एक मीटर. शाळेत मैदान आखायला मलाच बोलवायचे.”

आणि त्याने एक ढांग टाकली. इकडे एक नळी, तिकडे दुसरी. खिळे ठोकले, मला बांधलं आणि निघून गेला.

मित्रांनो, इथे मला मान खाली घालून एक कबुली द्यायची आहे. त्या आठवड्यात मी खोटं बोलले. लंबूची ढांग एक मीटरची नव्हती, एक मीटर वीस सेंटीमीटरची होती. एवढं अंतर तोडायला गाडीला जास्त वेळ लागायचा, आणि मला शिकवलेलं एकच, की अंतर एक मीटर. मग मला वाटायचं, गाडी सावकाश गेली. फुंकरा मला ओळखीच्या वाटत नव्हत्या. इंजिनांचा आवाज तोच, वाऱ्याचा झोत तोच, बाबांचं पळणंही तेच, आणि आकडा मात्र भलताच नरम. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मला तोंड नाही, फक्त आकडा आहे. मी ऐकलं तेवढंच लिहिलं. सरासरी सत्तावन.

अडुसष्टवरून सत्तावन! कचेरीत आनंदीआनंद झाला. साहेबांनी लंबूच्या पाठीवर थाप मारली, बंदुकीला मखमलीतून बाहेर काढून तिच्यासकट सगळ्यांचा फोटो काढला आणि त्या दिवशी पहिल्यांदा मलाही टेबलावर मांडलं. ‘हीच ती आपली पेटी!’ मला इतकं ओशाळवाणं कधी वाटलं नव्हतं. कौतुक व्हावं म्हणून मी किती वाट बघितली होती, आणि झालं ते नेमकं माझ्या एकुलत्या एका खोट्याचं.

अहवाल साहेबांच्या सहीने गेला. त्यात शेवटी एक ओळ होती: ‘सदर रस्ता सुधारला असल्याने पुढील वर्षी मोहीम अन्य रस्त्यावर हलवावी.’ बाईंनी पट्ट्यांपाशी रस्ता गतिरोधकासारखा उंच करून घ्यायचा प्रस्ताव दिला होता. तो आता नको, म्हणून फाईलबंद झाला.

साक्षीहून परतल्यावर बाई वडिलांकडे गेल्या आणि बाकावर बसून त्यांनी ही बातमी सांगितली. फोटोपुरती कचेरीत नेऊन लंबूने मला पुन्हा त्याच नळ्यांशी खांबाला बांधून ठेवलं होतं, नळ्या अजून कुणी उपटल्या नव्हत्या. त्यामुळे सगळं ऐकलं.

“रस्ता सुधारला म्हणतेस?” बाबा म्हणाले. “मग कळवायचंस तरी. मी आपला काल उगाच पळालो.”

“बाबा, चेष्टा नको. अकरा किलोमीटरने कमी झालाय वेग.”

“पोरी, मला तुझे किलोमीटर कळत नाहीत. पण गेल्या वर्षी त्या दिव्याच्या खांबाशी गाडी असताना मी निघालो, की ती पट्ट्यांशी येईपर्यंत मी अर्ध्यावर असायचो. आजही अर्ध्यावरच असतो. आणि मी काही जास्त जोरात पळायला लागलेलो नाही.”

बाई उठल्या, खिशातून टेप काढली आणि माझ्या नळ्यांपाशी गुडघे टेकले. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. मग टेप तशीच हातात धरून रस्त्याच्या कडेला बसून राहिल्या. त्यांच्या तोंडून एवढंच आलं, “अरे लंबू, लंबू!”

त्याच दिवशी त्यांनी माझ्या नळ्या उपटल्या आणि एक मीटरवर पुन्हा ठोकल्या. आठवडाभर मी पुन्हा मोजलं. सरासरी एकोणसत्तर. म्हणजे तीन महिन्यांत वेग तसूभरही कमी झालेला नव्हता.

तो आकडा घेऊन बाई साहेबांच्या खोलीत गेल्या आणि मलाही बरोबर घेऊन गेल्या. साहेबांनी आकडा वाचला. त्यांचा चेहरा पडला, मग लाल झाला.

“हे शक्य नाही. पेटी बिघडली असेल.”

“पेटी ठीक आहे, साहेब. नळ्या चुकीच्या अंतरावर होत्या. मी स्वतः मोजलंय.”

“बाई, अहवाल माझ्या सहीने गेलाय! पुढच्या आठवड्यात निधीवाल्या मॅडम पाहणीला येणार आहेत. आता काय सांगू त्यांना, की आमच्या शिपायाच्या तंगड्या लांब आहेत?”

“हो. तेच सांगायचं.”

साहेबांनी खणातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला, लाल पेनाने एक शब्द लिहिला आणि स्वतःच्या हाताने माझ्या कडीला बांधला. “ही पेटी नादुरुस्त आहे. तिचा नंतरचा आकडा धरायचा नाही. विषय संपला.”

बघितलंत? मी खोटं बोलले तेव्हा टेबलावर मांडली. खरं बोलले तेव्हा चिठ्ठी बांधली. राग येणार नाही तर काय होईल? मला बाद सामानाच्या फळीवर ठेवलं, फुटलेले दिवे आणि मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी. बाईंनी दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी माझ्या नळ्यांत फुंकून बघितलं, उलटीसुलटी केली आणि म्हणाले, “हिला काही झालेलं नाही हो. तुमच्यापेक्षा धडधाकट आहे.” पण बाद वस्तूंच्या वहीत माझं नाव चढलं होतं. त्या वहीत वस्तू आत घ्यायचा रकाना होता, परत द्यायचा नव्हता.

मी ठरवलं, गंजायचं नाही. फळीवर कुणी विचारत नसताना ताठ बसून राहणं हेही एक कामच आहे, आणि मी ते मन लावून केलं.

निधीवाल्या मॅडम आल्या तो दिवस. खोलीत सगळे इस्त्रीचे कपडे घालून जमलेले. साहेबांनी तक्ते दाखवले, बंदूक दाखवली, फोटो दाखवले. मॅडम शांत, भुवई न हलवता ऐकणाऱ्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “ज्या पेटीने मोजलंत ती कुठे आहे?”

“ती नंतर बिघडली, मॅडम,” साहेब म्हणाले.

तेवढ्यात हवालदार बाई मला छातीशी धरून आत आल्या. चिठ्ठी लोंबकळत होतीच. त्यांनी मला टेबलावर ठेवलं, माझं झाकण उघडलं आणि आतली पट्टी मॅडमकडे केली. त्या बोलणार, एवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी उभं राहिलं. उभं राहिलं म्हणजे पंख्याला डोकं लागेल इतकं उभं राहिलं.

“मॅडम, पेटी बिघडलेली नाही,” लंबू म्हणाला. “नळ्या मी टाकल्या होत्या. ढांगेने. मला वाटलं एक मीटर आहे.”

मॅडम म्हणाल्या, “टाकून दाखवा बरं एक.”

लंबूने भिंतीला टाच लावली आणि ढांग टाकली. बाईंनी टेप धरली. एक मीटर एकवीस. मागे कुणीतरी फिसकन हसलं, आणि साहेबांकडे बघून लगेच गप्प झालं.

“बसा साहेब,” मॅडम म्हणाल्या, कारण साहेब उठून उभे राहिले होते. “आता मला सांगा, त्या चिठ्ठीवर अक्षर कुणाचं आहे?”

साहेबांना खोटं बोलता आलं असतं. पण लंबूने एवढ्या माणसांत आपली चूक आपल्या तोंडाने सांगितल्यावर त्यांना ते जमलं नाही. म्हणाले, “माझं.” आणि बसले.

निधी गेला नाही, पण पुरता आलाही नाही. मॅडमनी निम्माच मंजूर केला, तोही त्याच रस्त्यासाठी, आणि पुढचा निम्मा मोजून दाखवल्यावर. साहेब महिनाभर हवालदार बाईंशी कामापुरतंच बोलत होते. शाखेतले काही जण तर त्यांच्याकडे बघून नाक मुरडायचे. लंबूने मात्र स्वतःच्या पैशांतून एक टेप विकत घेतली आणि तो ती गळ्यातल्या शिट्टीशेजारी अडकवून फिरू लागला.

दुसऱ्या वर्षी योजना बाईंनी लिहिली. झाडाची सावली सोडायची. जागा रोज बदलायची, वेळ रोज बदलायची. पट्ट्यांपाशी रस्ता उंच करायचा. आणि शेजारचा तसाच एक उताराचा रस्ता निवडून, तिथे काहीही न करता, नुसतं मोजायचं, म्हणजे वेग कमी झाला तर आपल्यामुळे झाला की आपोआप, ते कळेल. साहेबांनी सगळं वाचलं आणि सही केली. सही करताना हळूच म्हणाले, “ती पेटी बाद वहीत आहे. नवी मागवायला हवी.”

“नवी यायला सहा महिने लागतील, साहेब. तोवर ही नादुरुस्तच वापरते.”

पहिल्यांदाच साहेबांच्या मिशीखाली हसू दिसलं.

तर मित्रांनो, मी पुन्हा रस्त्यावर गेले, चिठ्ठीसकट. लंबूने टेपने मोजलं, बाईंनी पुन्हा मोजलं, आणि मग दोघांनी एकमेकांचं मोजलेलं मोजलं. शेजारच्या रस्त्यावर वेग होता तिथेच राहिला. आमच्या रस्त्यावर सरासरी आली सत्तेचाळीस. या वेळी फुंकरा ओळखीच्या होत्या. आवाज नरम, झोत नरम, आणि आकडाही तितकाच.

तो अहवाल साहेबांच्या खोलीत वाचला जात होता. साहेब बोट फिरवत एकेक नोंद बघत होते. अचानक बोट थांबलं.

“बाई, हे काय? शुक्रवारी साडेदहा वाजता. वेग ताशी तीन किलोमीटर! ताशी तीन? कुठलं वाहन ताशी तीनने जातं?” त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “बघा, मी म्हणत होतो की नाही! बिघडलीये ही!”

लंबूचा हात टेपकडे गेला. बाई नोंदीवर वाकल्या, वार बघितला, वेळ बघितली. आणि मग त्यांच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं आणि त्याच वेळी त्या हसायलाही लागल्या.

“बिघडलेली नाही, साहेब. ते माझे बाबा आहेत.”

शुक्रवारी साडेदहाला काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बाबा व्यायामाला निघाले. पट्ट्यांवर आले. दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. ते रस्त्याच्या मधोमध आले आणि पळाले नाहीत. उभे राहिले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा चढवला. मग सरळ पलीकडे जायचं सोडून मुद्दाम चार पावलं वाट वाकडी करून माझ्याकडे आले. पहिल्या नळीवर काठी रोवली, सगळा भार देऊन. मग निवांत चालत दुसरीवर रोवली. आणि म्हणाले, “ए पेटी, माझी ही चाल पण लिही.”

मी लिहिली. गाड्या थांबूनच होत्या. एकानेही हॉर्न वाजवला नाही.

आता माझं वय झालं आहे. एका नळीला ठिगळ आहे. मित्रांनो, तुम्हाला माझी काळजी घ्यायची असेल तर माझ्या नळ्या ओल्या गुंडाळू नका आणि माझ्यावर हेल्मेट ठेवू नका. पण माझी कीव करू नका, आणि ही चिठ्ठीही काढू नका. परवा बाईंनी कात्री आणली होती. मग त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ती परत ठेवून दिली. बरं झालं. राहू दे ती. खरं बोलल्याबद्दल मिळालेली आहे, फुकट नाही मिळालेली.

मागणं माझं एकच आहे. तुम्हाला न आवडणारा आकडा कुणी सांगितला, तर त्याच्या गळ्यात चिठ्ठी बांधायच्या आधी खाली वाका, गुडघे टेका आणि त्याच्या दोन नळ्यांमधलं अंतर मोजा. ढांगेने नव्हे. टेपने.